रानकंदांचे वेल: ओळखीच्या नोंदी, जून ते जानेवारी

जागा: रायगड जिल्हा, कर्जत तालुका, घाटपायथा. तीन तुकडे: १) ओढ्याकाठ, २) शेताचे मालकी बांध, ३) घाटवाटेलगतचा उतार.
काम: डायोस्कोरिया कुळीतले (म्हणजे रानकंदांचे) वेल न खणता, जमिनीवरच्या भागांवरून जातीपर्यंत ओळखणे. मुख्य जाती तीन: कडू करांदा (बल्बिफेरा), चाई म्हणजेच शेंडवेल (पेंटाफायला) आणि बैचांदी (हिस्पिडा). जोडीला कोनफळ (अलाटा), कणगर (एस्क्युलेंटा) आणि रानातली ऑपोझिटिफोलिया.

९ जून २०२४

वळवाचे दोन पाऊस झालेत. कोंब वीतभर. आज जात ठरवायची नाही, फक्त 'हा डायोस्कोरिया आहे का' एवढंच ठरवायचं.

पहिली चाळणी खोडाची. रानकंदाचा वेल दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळतो आणि पावसाच्या तोंडावर कंदातून नव्याने फुटतो. त्यामुळे जूनमध्ये ज्या वेलाचं बोटाएवढं जाड, गेल्या वर्षीचं खोड जिवंत आहे तो रानकंद नव्हे. या एका नियमाने गुळवेल बाहेर पडते. तिची पानं हृदयाकृती, एकाआड एक, लांबून थेट कडू करांद्यासारखी. पण तिच्या खोडावर कागदासारखी साल सुटते, नखाने खरवडलं की खाली हिरवं दिसतं, आडव्या कापात चाकाचे आरे दिसतात आणि फांदीवरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. करांद्याला यातलं काही नाही.

दुसरी चाळणी तणाव्यांची. डायोस्कोरियाला तणावे कधीच नसतात, तो अंगानेच पिळे घालत चढतो. देठाच्या बुडाशी दोन तणावे दिसले की ती घोटवेल. तिलाही काटे आणि पानाला बुडापासून निघणाऱ्या ठळक शिरा असल्याने कोवळ्या अवस्थेत घोटाळा होतो.

तीन पर्णिकांचे (एकाच देठावर तीन छोटी पानं असलेले) कोंब ओढ्याकाठी बरेच आहेत. त्यांना हात लावण्याआधी खाजकुयली नाही ना ते पाहावं. कोंबाच्या वेळी शेंगा नसल्या तरी गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा झुडपात अडकलेल्या असतात, आणि त्यांची कुसं अजून काम करतात.

१६ जून

खुणा लावल्या. पद्धत तिसऱ्यांदा बदलली, म्हणून सविस्तर.

कागदी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावली की आत पाणी साचून आठवड्यात लगदा होतो. रंगीत फिती गुरं ओढतात. वेलालाच खूण बांधली तर डिसेंबरात वेल वाळून खूण पाचोळ्यात जाते. आता अॅल्युमिनियमची पट्टी (शीतपेयाचा डबा कापून २ × ६ सेंमी), तिच्यावर रिकाम्या बॉलपेनने दाबून कोरलेला आकडा, आणि ती आधाराच्या झाडाला सुतळीने सैल बांधलेली. शिवाय वेलाच्या बुडापासून एक वीत उत्तरेला बांबूची खुंटी. दाट झाडीखाली मोबाइलच्या जीपीएसची चूक सहज ८-१० मीटर येते आणि तेवढ्यात चार वेल बसतात, म्हणून ओळखीच्या झाडापासूनचं अंतर टेपने आणि दिशा होकायंत्राने घेतली.

एकूण २३ वेलांना क्रमांक. खणायचं नाही: तुकडा १ आणि ३ वनखात्याच्या हद्दीत आहेत. बांधावर मालकाची परवानगी आहे, पण तिथेही गरज पडली तरच.

३० जून

आजचा दिवस पिळ्याचा, म्हणजे वेल आधाराभोवती कोणत्या बाजूने वळतो ते पाहण्याचा. ही खूण सगळ्यांत भरवशाची आणि सगळ्यांत जास्त वेळा चुकीची लिहिली जाणारी.

प्रेन आणि बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आशियातल्या डायोस्कोरियांवर जे मोठं काम केलं त्याचे दोन भागच मुळी पिळ्यावरून पाडलेत: डाव्या पिळ्याच्या जाती १९३६ साली, उजव्या पिळ्याच्या १९३८ साली. जातीचा पिळा बदलत नाही. डोंगर बदलला, आधार बदलला, सावली-ऊन बदललं, तरी तोच.

चूक होते ती 'घड्याळाच्या दिशेने' असं लिहिल्यामुळे. घड्याळ वरून पाहायचं की खालून, हे कुणी लिहीत नाही, आणि दोन्हींची उत्तरं उलटी येतात. आमच्या पहिल्या तक्त्यात ११ वेलांपुढे 'घड्याळाप्रमाणे' आणि त्याच जातीच्या ४ वेलांपुढे 'उलट' लिहिलेलं होतं. पिळा तोच, पाहणारे दोन. तो रकाना आज पूर्ण खोडला.

नवी पद्धत: वेलासमोर उभं राहायचं. आधाराच्या पुढून जाणारा दांडीचा तुकडा पाहायचा. तो खाली डावीकडून वर उजवीकडे चढत असेल तर 'उजवा', खाली उजवीकडून वर डावीकडे चढत असेल तर 'डावा'. मागच्या बाजूने जाऊन पाहिलं तरी उत्तर तेच येतं. शंका आली तर हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट उभा धरून शेजारी लावायचा: आटे आणि दांडी एकाच बाजूला चढत असतील तर उजवा. बोल्ट उलटा धरला तरी फरक पडत नाही, ही त्याची मोठी सोय. १० मिमीचा बोल्ट पिशवीच्या बंदाला कायमचा बांधला आहे.

डावा पिळा: कडू करांदा, चाई, बैचांदी, कणगर. उजवा पिळा: कोनफळ, ऑपोझिटिफोलिया.

पिळा छातीच्या उंचीवर, बारीक आधाराला घट्ट बसलेल्या भागावर पाहावा. हवेत लोंबणारी शेंड्याची टोकं स्वतःभोवती वेडीवाकडी वळतात, त्यांच्यावरून काही लिहू नये. आणि फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढू नये. बरेच मोबाइल तो फोटो आरशासारखा उलटा साठवतात, मग डावा वेल उजवा होतो. क्र. ५ चं नेमकं हेच झालं होतं.

पिळ्यामुळे बांधावरचे ६ वेल (उजवे) एका फटक्यात वेगळे पडले. त्यातले ४ चौकोनी, चार पंखी कडांच्या दांडीचे, पानं वर समोरासमोर: कोनफळ, लावलेलं किंवा बांधावर सुटलेलं. उरलेल्या दोघांची दांडी गोल, गुळगुळीत, बिनकाट्याची, पानं लांबट, बुडाशी हृदयाकृती खाच जवळजवळ नाही, ठळक शिरा ३ ते ५: ऑपोझिटिफोलिया म्हणून नोंद, बोंडं (फळं) येईपर्यंत कच्ची.

१४ जुलै

तीन पर्णिकांचे वेल: क्र. ८, ९, १२, १४, १७. जूनच्या वहीत पाचांपुढे 'बैचांदी?' लिहिलंय. ते प्रश्नचिन्ह पुढे कुणीतरी गाळतं आणि नोंद पक्की होऊन बसते. आजपासून प्रश्नचिन्हाऐवजी कोणती खूण पाहिली आणि कोणती पाहायची राहिली ते लिहायचं.

क्र. ९ बाद. पानाच्या बुडाशी उपपर्णं (देठाच्या दोन बाजूंची छोटी पानासारखी पाती) होती, आणि मधली पर्णिका बाजूच्या दोघींपासून बरीच पुढे, स्वतंत्र दांड्यावर. डायोस्कोरियाच्या संयुक्त पानात सगळ्या पर्णिका देठाच्या टोकाला एकाच जागी जुळतात, पंजासारख्या. ९ हा भुईकोहळा, म्हणजे विदारीकंद, शेंगवर्गातला. कंद त्यालाही असतो, त्यामुळे 'कंदाचा तीनपानी वेल' या वर्णनात तो हमखास घुसतो.

उरलेले चार. इथे खरी अडचण आहे ती अशी: बैचांदीला कायम तीन पर्णिका. चाईला साधारण पाच, पण शेंड्याकडच्या पानांना तीनच असू शकतात, आणि तुटून पुन्हा फुटलेल्या फांदीलाही. क्र. १२ ची खालची तीनेक फूट गुरांनी खाल्ली आहेत, वर दिसतंय ते सगळं नवं. म्हणजे पर्णिका मोजून इथे काही सिद्ध होत नाही. एका पानावर नाव द्यायचं नाही. दर वेलाची दहा पानं मोजायची, खालची, मधली, वरची मिळून, आणि खालची नसतील तर 'खालची नाहीत' असं लिहायचं.

त्याऐवजी मधल्या पर्णिकेच्या शिरा. पान उजेडाकडे उलटं धरायचं. बैचांदीच्या मधल्या पर्णिकेत बुडापासूनच तीन ठळक शिरा निघतात आणि कमानीसारख्या टोकाकडे जातात. चाईच्या मधल्या पर्णिकेत एकच मुख्य शीर, बाकीच्या तिच्यातून पिसासारख्या फुटतात. बैचांदीच्या बाजूच्या पर्णिका फार तिरक्या, बाहेरची अर्धी बाजू आतल्यापेक्षा स्पष्ट रुंद. चाईच्या अरुंद, तिरकेपणा कमी.

क्र. ८ आणि १७: तीन शिरा, तिरक्या पर्णिका, देठावरही काटे, मधली पर्णिका २२ सेंमी. क्र. १२ आणि १४: एकच मुख्य शीर.

काट्यांना किंमत देऊ नये. चाईच्या बुडाकडेही काटे असतात, बैचांदीच्या कोवळ्या फांदीवर ते कमी दिसतात. काट्यांचा उपयोग फक्त उलट्या बाजूने: हृदयाकृती साधं पान, डावा पिळा आणि बुडाशी काटे असले की तो कडू करांदा नाही, कणगर तपासावी. कडू करांद्याची दांडी बिनकाट्याची.

२८ जुलै

क्र. ८ ला नर फुलं. बैचांदीचा फुलोरा फांद्याफांद्यांचा, त्यावर फुलांचे दाट गुच्छ. फूल उघडून मोजायला १०x भिंग, दोन सुया आणि काळा कागद. पांढऱ्या कागदावर पुंकेसर दिसतच नाहीत. सहा पुंकेसर, सहाही परागकोशांसह. वही बंद: क्र. ८ बैचांदी.

फुलं दाबून वाळवली की चुरा होतो. म्हणून काही फुलं लहान बाटलीत ७० टक्के स्पिरिटमध्ये (९५ टक्क्यांचं ७४ मिली घेऊन पाणी घालून १०० मिली). बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. वाळलेलीच फुलं हाताशी असतील तर गरम पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून दहा मिनिटं भिजवावीत, मग उघडतात.

११ ऑगस्ट

नमुने दाबणं. पावसाळ्यात हे काम बिघडण्याचं कारण एकच, कागद बदलायचा कंटाळा. पहिले चार दिवस रोज, मग एक दिवसाआड. उशीर झाला की पान काळं पडतं, बुरशी येते आणि संयुक्त पानाच्या पर्णिका देठापासून सुटतात. सुटलेल्या पर्णिका किती होत्या हे मग कुणाला सांगता येणार? दाबण्याआधीच फोटो आणि आकडा. ४२ × २८ सेंमीच्या कागदावर बैचांदीचं पूर्ण पान मावत नाही, देठ दुमडावा, पर्णिका कापू नये. एक पान तरी पालथं ठेवावं म्हणजे शिरा दिसतात.

दांडीचा पिळा दाबल्यावर संपतो. तो नोंदीतच हवा.

२५ ऑगस्ट

चाईचा मोहर आला आणि निम्मा गेलाही. या भागात नर वेलाचा कोवळा मोहर भाजीला खुडतात. रस्त्याकडेच्या वेलांवर फूल उमलेपर्यंत काही शिल्लक राहत नाही. फुलं हवी असतील तर पहिल्या कळीपासून दर चार दिवसांनी जायला हवं, पंधरवड्याच्या फेऱ्या कामाच्या नाहीत.

क्र. १२ उंच गेल्यामुळे वाचला. नर फूल: परागकोश असलेले पुंकेसर तीन, त्यांच्यासोबत तीन वांझ, नुसते दांडीसारखे. घाईत मोजलं तर सहा वाटतात. भिंगाखाली परागकोश मोजायचे, दांड्या नव्हे. म्हणजे १२ चाई. जूनमध्ये वहीत बैचांदी म्हणून बसलेला.

ही चूक उलट दिशेने झाली तर ती वहीपुरती राहत नाही. बैचांदीच्या कंदात डायोस्कोरीन हे विषारी अल्कलॉइड असतं. आदिवासी घरांत तो कंद पातळ काप करून, वाहत्या पाण्यात कित्येक दिवस ठेवून, उकडून खाण्याची रीत आहे, आणि ती जाणत्या हातांची आहे. रानातल्या कडू करांद्यातल्या कडू द्रव्यांचा यकृताला त्रास होऊ शकतो. म्हणून कंदाचा तुकडा जिभेला लावून ओळखण्याची जी सवय आहे ती या कामात पूर्ण बंद. कापावाच लागला तर हातमोजे, चीक खाजतो.

'कडूकंद' हे नाव जातीचं नाही, चवीचं आहे. औषधातली 'वाराही' म्हणून बहुतेक ठिकाणी कडू करांदा दाखवतात, पण बाजारात त्या नावाखाली काय येईल याची खात्री नाही. गावातलं नाव जरूर लिहावं, ज्या वेलासमोर उभं राहून सांगितलं त्या वेलाच्या क्रमांकासह. क्रमांकाशिवायचं नाव निरुपयोगी.

१५ सप्टेंबर

गणपतीत एक फेरी हुकली. तोवर पानांच्या बगलेतले हवाई कंद (वेलावरच धरणारे छोटे कंद) धरले आहेत.

कडू करांदा आता लांबूनही ओळखू येतो: पानाच्या बगलेत गोलसर कंद, तपकिरी-राखाडी, अंगावर चामखिळीसारखे फिकट ठिपके. चाईचे हवाई कंद लहान, लांबट, कधी वाकलेले. बैचांदीला हवाई कंद येत नाहीत. 'नाहीत' ही खूण मात्र जपून वापरावी: पिकले की हात लागताच गळतात, वाऱ्यानेही गळतात. झाडाखाली पाचोळा चाळून मगच 'नाहीत' लिहायचं. क्र. १७ खाली दोन वेळा चाळला, काही नाही.

कोनफळाच्या वेलालाही हवाई कंद येतात. बांधावर एका वेलाखाली सापडलेले कंद करांद्याचे म्हणून पाकिटात घातले होते, वर पाहिलं तर दांडी चौकोनी पंखी. खाली पडलेला कंद कुठल्या वेलाचा हे वर नजर टाकल्याशिवाय ठरवू नये, त्यातून एका झाडावर दोन वेल असतात. हवाई कंद दाबपत्रात ठेवू नयेत, कागदी पाकिटात, वेलाचाच क्रमांक टाकून. प्लास्टिकमध्ये आठवड्यात कुजतात किंवा फुटतात.

करांद्याच्या पानाची आणखी एक खूण, ऐन पावसात कुणी पाहत नाही ती: देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखे दोन छोटे पदर, दांडीला बिलगलेले. भिंग लागत नाही, पान खाली वाकवलं की दिसतात. हवाई कंद नसलेल्या कोवळ्या वेलावर हीच कामाला येते.

१३ ऑक्टोबर

मादी वेलांवर बोंडं. नर-मादी वेल वेगळे, त्यामुळे ज्या वेलाचे पुंकेसर मोजले त्याला बोंड येणार नाही आणि बोंडवाल्याचे पुंकेसर मिळणार नाहीत. एकाच वेलावर दोन्ही खुणा जुळवायचा हट्ट धरला तर वर्ष वाया जातं.

बोंड सगळ्यांचं तीन पंखांचं. चाईचं लांबट, अडीच सेंमीच्या आतबाहेर. कडू करांद्याचं साधारण तेवढंच. बैचांदीचं दांडगं, जाड, ४ सेंमीच्या पुढे. क्र. १७ ला तीन बोंडं, सर्वांत लहान ४.३ सेंमी. बैचांदी पक्की.

क्र. १४ ला ना फूल, ना बोंड, ना हवाई कंद. मधली शीर एकच. पानाखाली दाट लव आहे, चाईला इतकी सहसा दिसत नाही. द्वीपकल्पात टोमेंटोसा ही तीनच पर्णिकांची, लवदार जात आहे, ती बाद करायला फुलोरा हवा. नोंद 'डायोस्कोरिया, डावा पिळा, तीन पर्णिका, लवदार' एवढीच. नाव दिलेलं नाही.

१० नोव्हेंबर

पानं पिवळी. उजव्या पिळ्याच्या दोन रानवेलांवर बोंडं पिकली. बोंड लांबीपेक्षा रुंद. एक उकललं: बीच्या चहूबाजूंनी पापुद्र्याचा पंख, बी मधोमध. डाव्या पिळ्याच्या आमच्या तीन जातींत पंख बीच्या एकाच बाजूला असतो. ऑपोझिटिफोलियाची नोंद पक्की केली, कच्चेपणाचा शेरा काढला.

बी पाहायचं तर बोंड उकलण्याच्या बेतात असताना कागदी पाकीट बांधावं. उकलल्यावर वाऱ्याबरोबर गेलं की रिकामी टरफलं मोजत बसावं लागतं.

१५ डिसेंबर

बांधावरचा एक कोनफळ मालकाने काढला, म्हणून कंद पाहता आला. रानातल्या ऑपोझिटिफोलियाचा कंद मीटरभर खोल जातो, तो खणायचा म्हणजे वेल मारायचाच, त्यामुळे त्या वाटेला जायचं नाही. कंदाच्या रूपावरून जात ठरवण्यात फार अर्थही नाही. दगडात वाढलेला कंद दगड सांगतील तो आकार घेतो.

वाळक्या दांडीवर पिळा मात्र जसाच्या तसा आहे. जूनमध्ये खोडलेल्या रकान्यातल्या ज्या चार वेलांची पुन्हा तपासणी राहिली होती, ती आज वाळक्या वेलांवर पूर्ण झाली. चौघेही डावे.

१२ जानेवारी २०२५

वर काही उरलेलं नाही. अॅल्युमिनियमच्या २३ पट्ट्यांपैकी २१ जागेवर, दोन झाडांसकट तोडल्या गेल्या. खुंट्या १६ सापडल्या.

पुढच्या जूनसाठी: क्र. १४ च्या बुडाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण आजच घातलं, गुरांनी खालची पानं खाऊ नयेत म्हणून. त्याची पहिली पानं फुटल्यापासून दर आठवड्याला पाहायची, ऑगस्टपासून दर चार दिवसांनी. बोल्ट गंजलाय, नवा घ्यायचा.